वाक्याचा अर्थ कसा लावावा : होतकरू वाचकांसाठी

पहिला नियम : वाक्य संपेपर्यंत थांबू नये. मराठीत क्रियापद शेवटी येते. त्याची वाट बघत बसलात तर चहा निवेल. कर्ता दिसला की धरावा, कर्म त्याच्या गळ्यात मारावे आणि क्रियापदाचा नुसता वास आला की निकाल देऊन मोकळे व्हावे.

सरावासाठी ही बातमी घ्या : ‘मंत्र्यांनी लाच घेतलेल्या अधिकाऱ्याला निलंबित केले.’ नजर ‘मंत्र्यांनी लाच घेत’पर्यंत पोचली की ‘वाटलंच होतं!’ असे मोठ्याने म्हणावे. तेवढ्यात ‘लेल्या’ येते, मागोमाग अधिकारी येतो आणि सगळा मुद्देमाल त्याच्या नावावर चढवावा लागतो. यात कमीपणा मानू नये. लिन फ्रेझियर आणि कीथ रेनर यांनी १९८२ साली वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तेव्हा इंग्रजी वाचणारेही हेच करताना सापडले. हाताला लागेल ती सोपी मांडणी धरायची, पुढचा शब्द तिच्यात बसेना की अडखळायचे आणि पुष्कळदा मुकाट मागे फिरायचे.

कोणी हसलेच तर शास्त्राचा आधार द्यावा. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त वाक्यार्थ कळायला आकांक्षा (शब्दांना एकमेकांची गरज), योग्यता (अर्थांचा मेळ) आणि संनिधी (शब्दांची जवळीक) लागतात असे सांगितले आहे. ‘विस्तवाने झाडे शिंपतो’ हे वाक्य योग्यतेअभावी नापास होते. मंत्री आणि लाच यांच्यात योग्यतेची उणीव आजवर कोणाला जाणवलेली नाही. संनिधी तर इतकी की मध्ये एक शब्दसुद्धा नाही. तेव्हा चूक वाचकाची नव्हेच.

अर्थ दुरुस्त झाला तरी पहिला टाकून देऊ नये. कील ख्रिस्टियनसन, फर्नांडा फरेरा आणि सहकाऱ्यांनी २००१ साली एका ॲनाची वाक्ये वाचायला दिली. ती स्वतःचे कपडे घालत असते आणि तिकडे बाळ ओकते. मात्र इंग्रजी रचना अशी की, स्वल्पविराम नसला तर, ॲना बाळालाच कपडे घालते आहे असे आधी वाटते. वाक्य संपल्यावर विचारले, तरी अनेकांच्या लेखी तिने बाळाला कपडे घातलेलेच होते. त्याच न्यायाने, अधिकारी निलंबित होवो न होवो, मंत्र्यांनी खाल्ले ते खाल्लेच.

हे जमले की सोसायटीच्या सूचनाफलकाकडे वळावे. तिथला दर्जा निराळा. ‘अध्यक्षांनी सचिवांना आपल्या खर्चाने गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घ्यायला सांगितले आहे.’ खर्च कोणाचा? ‘आपण’ आत्मवाचक धरले तर मुख्य कर्ता अध्यक्ष, म्हणून अध्यक्षांचा. पण करून घेणारे सचिव, म्हणून सचिवांचाही लागतो. ‘आपण सगळे’ घेतले तर सभासदांचा. आणि ‘आपण’ आदरार्थी असेल तर बिल थेट तुमच्या, म्हणजे फलकासमोर उभ्या असलेल्या वाचनप्रेमी गृहस्थांच्या नावावर. इथे पुढे क्रियापद येऊन सुटका करील ही आशा नको. ते येऊन गेले आणि त्याने काही केले नाही.

अशा वेळी ज्या वाचनात स्वतःचा खिसा शाबूत राहतो तेच व्याकरणशुद्ध मानण्याचा प्रघात आहे. सभासद व्याकरणकार तर्खडकर-दामल्यांची नावे घेऊन अध्यक्षांकडे बोट दाखवतात, अध्यक्ष सचिवांकडे, आणि सचिव ‘आपण’ या शब्दातल्या एकोप्याच्या भावनेवर भर देतात. चर्चा लांबू द्यावी, पावसाळा जवळ येऊ द्यावा. ‘आपल्या’ऐवजी ‘सचिवांच्या’ हा शब्द कोणी सुचवलाच तर त्याला चहा पाजून गप्प बसवावे. त्याने अर्थ स्पष्ट होतो.

सूचना तुम्हीच लिहिलेली असेल आणि फारच आरडाओरडा झाला, तर खाली सही-शिक्क्यानिशी शुद्धिपत्र डकवावे : ‘वरील सूचनेतील “आपल्या” हा शब्द “आपल्या स्वतःच्या” असा वाचावा. आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’