वारंगा फाट्यावर काय गावं?

गायनाचा कार्यक्रम ठरला की शिष्य लगेच आपल्याला काय येतं याचा विचार करू लागतो. हा विचार परीक्षेपुरता ठेवावा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिकेला कोणते राग गायचे ते अभ्यासक्रमात छापलेलं असतं, समोर परीक्षक असतो आणि त्याला मधेच उठून जाता येत नाही. वारंगा फाट्यावरच्या श्रोत्याला मात्र तीन दिशांना जाता येतं: कळमनुरीवरून हिंगोलीला, अर्धापूरवरून नांदेडला आणि हदगाववरून यवतमाळ-नागपूरला. तुमची आलापी रंगात आली असताना यातली एखादी एसटी येऊन थांबली, तर समोरची एक अख्खी रांग उठते. ती नापसंती समजू नये. शेवटची गाडी असते.

तेव्हा निवड वहीवरून करू नये, पेटीवरून करावी.

देवळातली पेटी कुणीतरी दान दिलेली असते, आणि दानाची तपासणी करायची आपल्याकडे रीत नाही. सप्त्यामागून सप्ते वाजून भाता दमेकरी झालेला असतो आणि दोन-चार सूर कायमचे मुके असतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जाऊन सगळ्या पट्ट्या एकेक दाबून बघाव्यात. समजा वरच्या सप्तकातली काळी तीन बोलत नाही आणि तुमची मुलगी काळी चारमध्ये गाते. म्हणजे गेला तो कोमल निषाद, आणि त्याच्याबरोबर बागेश्री, भीमपलास, मालकंस हे तिघेही गेले. यमन वाचला, कारण त्याचा निषाद शुद्ध, तो शेजारच्या पांढरी पाचवर सुखरूप आहे. भूप आणि दुर्गा यांना निषाद लागतच नाही. आता त्याच पेटीवर मुलीचा मामा काळी एकमध्ये गाणार असेल (आणि मामा गातोच), तर तीच मुकी पट्टी त्याचा शुद्ध मध्यम होते. मामाचा दुर्गा बुडाला. भूप याही संकटातून तरला, कारण त्याला मध्यमही नको. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य का, याची कारणं ग्रंथांत दिलेली आहेत. खरं कारण दहा गावच्या पेट्या बघितल्यावर कळतं.

पेटीचा निकाल लागला की तबलजीकडे जावं. तो बहुधा भजनी मंडळातला असतो. त्याचा आठ मात्रांचा भजनी ठेका झोपेतही चुकत नाही. दादरा, केरवा हातात आहेत. त्याला झपताल येतो का, असं विचारू नये. तो ‘येतो की’ म्हणेल, आणि दहा मात्रांतल्या शेवटच्या दोन स्टेजवर हरवतील. विलंबित एकतालाचं तर नावच काढू नये. बारा मात्रांचं एक आवर्तन संपायच्या आत तबलजी ओळखीच्या माणसाला हात करून, पान लावून, हातोडी शोधून परत येतो, आणि सम मात्र एकट्या गायकाला आठवत असते.

वेळेचा प्रश्न सरकारने सोडवून ठेवला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केले. सणावाराला काही दिवस बारापर्यंत सूट मिळते, बाकी दहा म्हणजे दहा. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा, त्यालाही घड्याळ पाहावं लागलं. म्हणून दरबारी, मालकंस, अडाणा यांची तयारी करण्यात वर्षं घालवू नयेत. त्यांच्या वेळेला माईक बंद असतो. तोडी, भैरव सकाळचे. त्या वेळी श्रोता शेतात असतो. उरतात संध्याकाळचे चार-पाच राग, आणि त्यांतही यमन गेल्या वर्षीच्या पोराने गायलेला असतो. कार्यक्रम हळद शिजवायच्या दिवसांत मुळीच धरू नये. त्या दिवसांत तानसेन आला तरी त्याला कढईपाशी उभं करतील.

आता अभंगाबद्दल. इथे मात्र थट्टा जरा बाजूला ठेवावी लागते, कारण हा मुलूख नामदेवांचा आहे. एक रस्ता हिंगोलीकडे जातो, तिथून पुढे नर्सी. दुसरा रस्ता नांदेडला जातो, तिथे हुजूर साहिब. नर्सीच्या बाजूला नामदेव टाळ-पखवाजावर, पिढीजात चालीत गायले जातात. नांदेडच्या बाजूला, गुरू ग्रंथ साहिबात, त्यांची ६१ पदं आहेत आणि आसा, टोडी, भैरव, गोंड अशी प्रत्येकाच्या माथ्यावर रागाची पाटी आहे. एकच कवी, एका रस्त्याला चाल परंपरेने ठरवलेली, दुसऱ्याला राग ग्रंथाने. फाट्यावर उभं राहून निवडीची चिंता करणारा तेवढा आपला शिष्यच.

औंढ्याची कथाही लक्षात असू द्यावी. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं, असं सांगतात. नंदी मागच्या बाजूला राहिला तो त्यामुळेच म्हणे. हे पालकांनी मुलांना सांगू नये. मुलं मग देऊळ कधी फिरतं ते बघत बसतात आणि अंतरा विसरतात.

प्रमुख पाहुणे हा स्वतंत्र विषय आहे. ते उशिरा येणार हे धरून एक चीज रबरासारखी ठेवावी, पाहिजे तितकी ताणता येणारी. पाहुण्यांची गाडी थांबताच निवेदक तुमच्या तानेवरून माईक ओढून घेईल, तेव्हा समेवर यायला फार लांबून चालत यावं लागेल अशी बंदिश टाळावी. सत्कार, नारळ, शाल आणि दोन शब्द उरकल्यावर पुन्हा कुठून सुरू करायचं, हे वहीत पेन्सिलीने लिहून ठेवावं. तेवढ्यात मागून चिठ्ठी येते, किंवा थेट आवाजच येतो: ‘मास्तर, ते सगळं ठीक हाय, पण गौळण हाय का नाही?’ गौळण असावीच. वारकरी भजनात रूपाच्या अभंगापासून गौळणीपर्यंत क्रम लागलेला आहे आणि तो क्रम समोरच्या आजीला तुमच्यापेक्षा पक्का पाठ आहे. तिला फसवता येत नाही.

ज्यांना अजूनही निवड अवघड वाटते त्यांनी १९७७ साल आठवावं. व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठवली. सगळ्या पृथ्वीवरचं संगीत त्यात २७ तुकड्यांत बसवायचं होतं आणि श्रोते कोण, त्यांना कान आहेत की नाहीत, काही माहीत नव्हतं. भारताच्या वाट्याला एक जागा आली आणि तिथे गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी गेली. तेवढ्यात भागलं. अजून कुणाची फर्माईश परत आलेली नाही.

भैरवी मात्र फाट्यावर जपून वापरावी. भैरवीनंतर दुसरं काही गायचं नाही हा संकेत श्रोत्यांना ठाऊक असतो, त्यामुळे तिचा पहिला कोमल रिषभ कानी पडताच चपला शोधायला सुरुवात होते. काही गायक याचा उपयोग करून कंटाळलेल्या सभेची सुटका करतात. ते दयाळूपणाचं लक्षण आहे. पण त्याआधी बिदागीचं पाकीट हातात पडलेलं असावं. सतरंजी गुंडाळणाऱ्या पोराला खजिनदार कुठे आहेत असं विचारलं, तर तो समोरच्या हॉटेलाकडे बोट दाखवतो. तिथे खिचडी गरम असते, खजिनदार मात्र नांदेडच्या गाडीने गेलेले असतात.