साहेबांच्या मनात काय आहे

गणपतीत गावी गेलं की दोन गोष्टी टळत नाहीत. आरतीत सगळ्यांचं आटोपलं तरी एक कडवं जास्त ओढणारा कुणीतरी, आणि हातावर पंचखाद्य पडताच सुरू होणारी रिफायनरी. राजापूर तालुक्यात घर असलं की तिसरा विषय सुचतच नाही. मुंबई-गोवा हायवे हा विषय होऊ शकला असता, पण त्यावर सगळ्यांचं एकमत आहे. एकमताच्या विषयावर रात्र जागवता येत नाही.

२०२५च्या गणपतीतही ओटीवर चौघे बसले. थोरले दादा, जन्मजात शिवसैनिक. शेजारचे अण्णा, कमळवाले. पुतण्या, मनसेचा. आणि भाऊजी, जे पक्षाचे नाहीत, नारायण राणेंचे आहेत. राणे जातील तो पक्ष भाऊजींचा. मी पाचवा, पण मला बोलायला मिळत नाही. मी पेपरात लिहितो म्हणून.

सुरुवात अण्णांनी केली. "दादा, तुमचा नक्की विरोध आहे की नाही, एकदा सांगून टाका. आम्ही किती वर्षं वाट बघायची?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याला दादांकडे सालवार उत्तरं आहेत. २०१७ साली नाणार आणि आसपासच्या गावांच्या जमिनीची अधिसूचना निघाली. वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करणारा, तीन लाख कोटींचा कारखाना. अधिसूचना काढणारं खातं उद्योग, आणि उद्योगमंत्री शिवसेनेचेच सुभाष देसाई. वर्षभरानं, २३ एप्रिल २०१८ला, उद्धव ठाकरेंच्या नाणारच्या सभेत याच देसाईंनी ती अधिसूचना रद्द केल्याचं जाहीर केलं. स्वतः पेटवलेली चूल स्वतःच विझवली आणि वर टाळ्या घेतल्या. दादा त्या सभेत होते. मुंबईहून रात्रीच्या गाडीनं आले होते. अजून सांगतात, काय टाळ्या होत्या!

"त्याच दिवशी आमच्या देवेंद्रजींनी सांगितलं की काही रद्द झालेलं नाही," अण्णा म्हणाले.

"आणि मार्च २०१९मध्ये कुणी रद्द केलं?" दादांनी विचारलं.

अण्णा पंचखाद्यातलं खोबरं शोधायला लागले. कारण लोकसभेच्या युतीत नाणार मध्ये येत होतं, म्हणून फडणवीस सरकारनंच ते रद्द केलं. सहा महिन्यांनी विधानसभा आली. महाजनादेश यात्रा राजापुरात पोचली आणि तिथं समर्थनाचे फलक बघून फडणवीस म्हणाले, फेरविचार करू. अण्णांनी त्या दीड वर्षात तीन वेळा गावभर फिरून तीन गोष्टी समजावल्या. नेत्याचं एका वाक्यात भागतं; घाम कार्यकर्त्याचा निघतो. त्यातून गाव लहान. काल ज्याला पटवलं, तोच आज वाण्याकडे भेटतो.

पण खरी कसोटी दादांची होती आणि ती पुढे यायची होती. उद्धवजी मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी २०२०मध्ये 'सामना'त रिफायनरीची जाहिरात झळकली, चांगली ठसठशीत. दादांनी पेपर दोनदा उलटून बघितला, दुसऱ्याच कुणाचा तर नाही ना! मग वरून खुलासा आला की जाहिरात म्हणजे पक्षाची भूमिका नव्हे. दादांनी तोही पोचवला. त्याच सुमारास इथल्या एका स्थानिक पदाधिकाऱ्यानं रिफायनरीचं उघड समर्थन केलं म्हणून पक्षानं त्याला पदावरून काढलं. दादांनी त्याचंही समर्थन केलं. काढण्याचं, रिफायनरीचं नव्हे.

आणि १२ जानेवारी २०२२ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंचं पंतप्रधानांना पत्र गेलं. रिफायनरीसाठी बारसूला जागा आहे. बारसूही राजापूर तालुक्यातच.

पदावरून काढलेला तो गृहस्थ थांबला असता तर पदावर शिल्लक राहिला असता. त्याचा अपराध मताचा नव्हता, मुहूर्ताचा होता.

"विरोध नाणारला होता," दादा म्हणाले. "बारसूला नाही."

"मग २०२३ला उद्धवजी बारसूला कशाला गेले?"

"लोकांना नको असेल तर नको, असं साहेबांचं पहिल्यापासून होतं. पत्र लिहिलं ते शिंदेंबरोबर गेलेल्या गद्दारांनी दिलेल्या माहितीवरून."

मी मनात हिशेब केला. विरोध, मग जागा सुचवणं, मग पुन्हा विरोध; आणि दादांच्या बोलण्यात भूमिका एकच. हे कसब सोपं नाही. आमच्या गावातला सुतार जुन्या दाराला नवी चौकट बसवतो तेव्हा त्यालाही मधे एखादी फळी घालावी लागते. दादांना फळीसुद्धा लागली नाही.

पुतण्या इतका वेळ फोनमध्ये होता. तो हसला. हसायला नको होतं, कारण भाऊजींनी त्यालाच धरलं. "तुमच्या साहेबांचं सांग रे."

राज ठाकरेंचं नाणारवर थेट होतं. २०१८च्या एप्रिलमध्ये मनसैनिकांनी रिफायनरीच्या ताडदेवच्या कार्यालयात तोडफोड केली. मार्च २०२१मध्ये राज ठाकरेंनी पत्र लिहिलं की हा प्रकल्प महाराष्ट्राच्या हातून जाऊ देऊ नका. (ठाकरे घराण्यात रिफायनरीला विरोध भाषणातून होतो आणि समर्थन पत्रातून. या निरीक्षणाबद्दल मला कुणी पुरस्कार दिला तर मी नाकारणार नाही.) मग ६ मे २०२३ उजाडली. त्या एकाच दिवशी उद्धव ठाकरे बारसूत पोचले आणि राज ठाकरेंची सभा रत्नागिरीत झाली. तिथं राज म्हणाले की बारसूच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, युनेस्कोच्या यादीत त्यांचा विचार होतोय, तिथं कारखाना कसा होईल?

"कातळशिल्पं २०२१ला नव्हती का?" भाऊजींनी विचारलं.

हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी त्या जांभ्यात प्राणी, माणसं कोरून ठेवली. एवढी वर्षं ती पावसात पडून होती. त्यांना काय माहीत की आपला मोका दोन पत्रं आणि एका सभेच्या मध्ये येणार आहे! पण पुतण्या कच्चा नाही. तो म्हणाला, "काका, माणूस अभ्यास करतो. नवीन माहिती आली की बदलतो. तुम्ही नाही का साखर सोडलीत?"

भाऊजींनी चहाचा कप जरा आड धरला. पण त्यांच्यावरही यायचंच होतं. २०१८ला राणे नाणारच्या विरोधात रान उठवत होते. पुढे ते भाजपमध्ये गेले, केंद्रात मंत्री झाले आणि रिफायनरी म्हणजे कोकणचा विकास झाला. भाऊजींचं स्पष्टीकरण चौघांत सर्वांत लहान होतं. "तेव्हा राणेदादा विरोधात होते. आता बाजूनं आहेत. ह्यात काय समजायचं नाही?" मला हा माणूस त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. तो कातळशिल्पं मध्ये आणत नाही.

बाकी तिघांचा मात्र एक मंत्र समान निघाला, अक्षर न बदलता: "साहेबांच्या मनात काहीतरी आहे." मोठं सोयीचं वाक्य. रिफायनरी हवी म्हणाले तर मनात काहीतरी आहे. नको म्हणाले तर आहेच. गप्प बसले तर मग फारच मोठं काहीतरी आहे. आठ वर्षं हे तिघे त्या मनाचा तळ शोधताहेत. तेवढा वेळ प्रकल्पाचा अहवाल वाचण्यात घालवला असता तर तिघांना तीन मतं तरी झाली असती.

मत असलेली माणसं इथं नाहीत असं नाही. एप्रिल २०२३मध्ये बारसूच्या सड्यावर मातीपरीक्षणाच्या गाड्या आल्या तेव्हा बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. त्यांनी कुणाला फोन करून साहेबांचा कल विचारला नव्हता. आणि दुसऱ्या बाजूलाही, मुलाला इथंच नोकरी लागावी म्हणून कारखाना मागणारी घरं आहेतच. दोघांशी भांडता येतं. दादांशी भांडता येत नाही. ते कोणत्या सालातून बोलताहेत ते आधी विचारावं लागतं.

दादांचे तरी हाल काय कमी झाले? राजापूरचे तेव्हाचे आमदार राजन साळवी, दादांच्याच पक्षाचे, उघडपणे रिफायनरीच्या बाजूनं. तेव्हाचे खासदार विनायक राऊत, त्याच पक्षाचे, विरोधात. दादा दोघांच्याही प्रचाराला गेले. आमदारांच्या गाडीत बसले की रोजगार, खासदारांच्या गाडीत बसले की आंबा. २०२४ला साळवी हरले, २०२५च्या फेब्रुवारीत शिंदेंच्या शिवसेनेत गेले आणि दादांना एकदम हलकं वाटलं. आता एकच गाडी.

तेवढ्यात ५ जुलैला वरळीत दोन्ही ठाकरे एका मंचावर आले. तेव्हापासून ओटीवर दादा आणि पुतण्या शेजारी बसतात. वीस वर्षांच्या भांडणानंतर ते चांगलंच आहे, चहा एकदम आणता येतो. पण अडचण अशी की अण्णांनी राज ठाकरेंचं २०२१चं पत्र काढलं की उत्तर दादांनी द्यायचं, की पुतण्यानं? एकदा दोघांनी एकदमच तोंड उघडलं आणि दोघंही एकदमच थांबले. वरून अजून काही आलेलं नव्हतं.

रात्रीचे बारा वाजले. काकू कप गोळा करायला आली. तिची सड्याखाली चाळीसेक हापूसची कलमं आहेत, आणि सातबारावर नाव तिचं आहे. रायगडकडचा कुणी व्यापारी कलमं कराराने मागतोय म्हणाली. तीन वर्षांचे पैसे आधी देतो म्हणतोय.

"काय करू? तीन वर्षांसाठी देऊ की एका?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. अण्णांनी पुतण्याकडे, पुतण्यानं दादांकडे, भाऊजींनी कपाकडे. त्या रात्री पहिल्यांदाच चारही पक्षांचं उत्तर एक आलं.

"एकाच वर्षासाठी दे गो."