थांब मेल्या, बघूक दी!

चतुर्थीत आमच्याकडचा गणपती हिरवा होतो. मग लाल, मग पिवळा, मग निळा, आणि पुन्हा हिरवा. वर माटवीच्या चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं जिथल्या तिथं लटकत असतात, समोर भजनी मंडळी बसलेली असतात, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावरची पत्र्याची पेटी आपलं काम करत असते. आत दिवा, दिव्यापुढं रंगीत जिलेटिनचे कागद लावलेली चकती, चकतीला चिमुकली मोटर. या पेटीला ‘फोकस’ म्हणतात. बुवांनी अभंग संथ धरलाय की चढवत नेलाय, याच्याशी फोकसला कर्तव्य नाही. तो आपल्याच लयीत फिरतो. त्याच्या उजेडाची कड हार्मोनियमवर पडत असल्यामुळं बुवाही देवाबरोबर रंग बदलतात. ऐन गजरात निळे पडलेले बुवा पाहून लहान मुलांची भक्ती पार हवेत विरते.

याच जातीचा दुसरा प्राणी म्हणजे जत्रेत मिळणारा फिरता दिवा. आत बल्ब, त्याभोवती चित्र काढलेलं पातळ नळकांडं, वर कागदी पात्यांचं चक्र. बल्बची ऊब वर चढते, पात्यांना ढकलते आणि नळकांडं फिरायला लागतं. मग धबधबा कोसळतो, मासे पोहतात. मोटर नाही की चावी नाही. बायकामाणसं ओटीची खरेदी सोडून तिथं घोटाळायची. पुढं वीज वाचवायला म्हणून घरोघरी एलईडी आले. उजेड झाला, ऊब गेली. जुन्या दिव्यात नवा बल्ब घातला की मासे जागच्या जागी तरंगत राहतात. वीजबचतीची एवढी किंमत कोणी हिशेबात धरली असेल असं वाटत नाही.

चित्रामागं दिवा लावला की माणूस खुळावतो, हे काही आजचं नाही. भिंतीवर चित्र पाडणारा दिवा, म्हणजे मॅजिक लँटर्न, बनवण्याचं श्रेय ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाला देतात. साल साधारण १६५९. याच माणसानं शनीच्या कड्यांचा उलगडा केला, लंबकाचं घड्याळ केलं. त्याला या दिव्याची मात्र भारी लाज वाटे. वडील मुत्सद्दी आणि हौशी. त्यांना तो पॅरिसमध्ये बड्या लोकांना दाखवायचा होता. वडिलांना नाही कसं म्हणायचं? १६६२ मध्ये हायगेन्सनं पॅरिसमधल्या भावाला गुपचूप कळवलं, की त्यातलं एखाद-दुसरं भिंग काढून टाक, म्हणजे यंत्र चालायचंच नाही. असली पोरकट वस्तू आमच्या घरातून आली हे जगाला कळायला नको! वडिलांची हौस आणि मुलाचा संकोच यांचं हे भांडण मला फार घरगुती वाटतं. आमच्याकडं ते भांडण फोकसवरून होतं.

आपल्याकडं कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांना तसली लाज नव्हती. त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी, विनायक आणि रामचंद्र यांनी, १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ नावानं काचेवरच्या चित्रांचे खेळ सुरू केले. काचा हातानं रंगवलेल्या, प्रसंग रामायण-महाभारतातले. थोड्याथोड्या फरकानं काढलेल्या काचा भराभर बदलल्या की पडद्यावरचं पात्र हललंसं वाटे. ल्युमिएर बंधूंचे चित्रपट मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवले गेले ते ७ जुलै १८९६ ला. म्हणजे पडद्यावर चित्र हलतंय या धक्क्याची सवय काही मराठी डोळ्यांना आधीच झालेली होती. मला त्या खेळातली काच बदलणाऱ्या माणसाची जागा फार महत्त्वाची वाटते. लोक हसले तर तो अंमळ थांबू शकत होता, आणि जांभया यायला लागल्या तर लंका लवकर पेटवू शकत होता.

मग वीज आली आणि त्या माणसाला सुट्टी मिळाली. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात अमेरिकेतल्या प्रदर्शनांतून ‘स्टिरिओमोटोरग्राफ’ नावाचं यंत्र दिसू लागलं. त्यात काचांची रांग भरायची आणि मोटर सुरू करायची, मग काचा एकामागून एक आपोआप दिव्यापुढं येत. सार्वजनिक आरोग्य, शेती असले विषय. समोर माणसं असोत नसोत, चित्रं बदलत राहत. पुढं १९६१ मध्ये कोडॅकनं ‘कॅरोसेल’ काढला. वर गोल चक्री, तिच्यात ८० स्लाइड, आणि पुढची स्लाइड आपल्या वजनानंच खाली उतरायची. तिचा तो ‘खटॅक’ आवाज ज्यानं ऐकलाय तो विसरायचा नाही. २००४ पर्यंत हे प्रोजेक्टर बनत होते. त्यांतल्या काही मॉडेलांना वेळेचं बटण असे: ५ सेकंद, ८ सेकंद, १५ सेकंद.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ हसत होतो. ताजमहालाला किती? ८. सासूबाईंना किती? ५ पुरेत. पण हे ठरवलं कोणी? कुठल्याशा कारखान्यात कोटटाय घातलेली माणसं टेबलाभोवती बसली असतील आणि मनुष्यप्राण्याची बघण्याची भूक तीन आकड्यांत बसवून चहाला उठली असतील. १५ सेकंदांवर बटणच नाही. त्याहून जास्त वेळ एखाद्याला एकाच चित्राकडं बघावंसं वाटेल, अशी शक्यता त्यांनी सोडूनच दिली होती.

ती शक्यता आमच्या काकीच्या रूपानं मालवणजवळच्या एका वाडीत राहते.

काकीचा मुंबईचा पुतण्या एका मे महिन्यात डिजिटल फोटोफ्रेम घेऊन आला. आंबे न्यायला येणारी माणसं हात हलवत येत नाहीत. त्यानं घरातले जुने अल्बम स्कॅन केले, आपल्या मोबाइलमधले फोटोही त्यात ओतले आणि फ्रेम लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, देवघराच्या अंगाला जोडून दिली. दर पाच सेकंदांनी फोटो बदलायचा. काकी कौतुकानं समोर बसली. काका जेटीवर उभे, मागं सिंधुदुर्ग किल्ला, डोक्यावर टोपी. काकीनं चष्मा पदराला पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत काकांच्या जागी एका मोटारीची नंबरप्लेट आली होती.

“थांब मेल्या, बघूक दी!” काकी फ्रेमवर ओरडली.

फ्रेम थांबली नाही. पुढं बारसं, पुढं कोणाचा तरी पासपोर्ट, पुढं काकीचीच आई, तिच्यामागून एसी दुरुस्तीचं बिल. शेजारीण आली तेव्हा काकी बोट दाखवून “ह्यो माझो धाकटो भाव” म्हणाली, तोवर बोटासमोर भरल्या वांग्यांचं ताट होतं. “ही माणसां कित्याक धावतत रे?” तिनं पुतण्याला विचारलं. “ह्यांका जरा बसाक सांग मरे.”

मला वाटतं, कॅरोसेलच्या त्या टेबलाभोवती काकीला एक खुर्ची द्यायला हवी होती.

पुतण्या मुंबईला परतल्यावर फोनवरून शोध लागला, की सेटिंगमध्ये वेळ वाढवता येतो. मिनिट, तास, थेट एक दिवस. काकीनं एक दिवस घेतला. पहिल्या दिवशी काका आले आणि सूर्य मावळेपर्यंत राहिले. काकीनं फ्रेमचं तोंड स्वयंपाकघराकडं वळवलं आणि भात वाढताना, पेज गाळताना त्यांच्याशी जे काय बोलायचं ते बोलून घेतलं. त्यात कौतुकाचा भाग कमी होता, असं शेजारीण सांगते. पण यंत्राचा न्याय सगळ्यांना सारखा. जो दिवस काकांना तोच दिवस एसीच्या बिलाला. संकष्टीच्या दिवशी नेमकी दादरच्या कुठल्याशा हॉटेलातली तळलेली सुरमई आली आणि चंद्रोदयापर्यंत हलली नाही. काकीनं फ्रेमवर टॉवेल टाकला.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट कळली. लाईट गेली की फ्रेम विझते आणि आली की पहिल्या चित्रापासून सुरू होते. पहिलं चित्र बनवणाऱ्यानंच आत भरून दिलेलं होतं: निळं आकाश आणि बर्फाचा डोंगर. आमच्याकडं जून ते सप्टेंबर लाईट जात नाही असा दिवस शोधावा लागतो. तेव्हा त्या चार महिन्यांत काकी बर्फाच्या डोंगराच्या पायथ्याशी राहिली. बाहेर माडांवरून पाणी कोसळतंय, आत तो डोंगर. “ह्यो खंयचो गो?” विचारणाऱ्यांना ती आता सवयीनं “आमचोच” म्हणते.

चित्र किती वेळ दाखवायचं, याची खरी जाण आमच्याच जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळीला आहे, आणि तिथं मोटर लागत नाही. पिंगुळीच्या गुढीपुरात ठाकर समाजाची घरं आहेत. चित्रकथी ही त्यांची कला. सावंतवाडीच्या संस्थानानं तिला आधार दिला, देवळांतून ते खेळ करत आले. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सूत्रधार समोर चित्र उभं धरतो आणि कथा लावतो, साथीला वीणा, हुडूक, टाळ. चित्रातली माणसं मोठ्या डोळ्यांची, बहुतेक एका बाजूनं दिसणारी. मागं डोंगर नाहीत की ढग नाहीत. ते ऐकणाऱ्यानं आपापल्या घरून आणायचे. त्याच घरांतून चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही होतो. पांढऱ्या पडद्यामागं दिवा, दिव्यापुढं बाहुली, आणि पडद्यावर रावणाची सावली. हायगेन्सला ज्याची लाज वाटत होती ते काम इथं लोक देवळाच्या आवारात, देवासमोर करत आलेत.

परशुराम गंगावणे यांनी या कलेसाठी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्याच्या जागी रामायण-महाभारत बघायला आता लांबून माणसं येतात. गुरांचं मत कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

पिंगुळीच्या खेळात मी चित्रांइतकाच सूत्रधाराचा हात बघत असतो. एकच चित्र: राम, लक्ष्मण, समोर राक्षस, मधे बाण. कागदावर बाण सुटलेलाच आहे, पण कथेत सुटायचा आहे. आधी राक्षसाची मिजास, मग रामाचं शांत राहणं, मग लक्ष्मणाचा संताप, मग टाळ वाढतात, आणि मग कुठं तो बाण, जो इतका वेळ सगळ्यांना दिसतच होता, लागतो. हे सगळं होईपर्यंत चित्र तसूभर हललेलं नसतं. पुढचं चित्र त्याच्याच पाठीला चिकटून वाट बघत असतं. समोरची म्हातारी डोळे पुसत असेल तर हात थांबतो, पोरं चुळबुळायला लागली तर कथा दोन ओव्यांची वाट एका ओवीत कापते. सेकंदांचं बटण इथंही आहे. ते समोरच्यांच्या तोंडावर असतं आणि सूत्रधार ते तिथून वाचतो.

एवढं लिहून झाल्यावर यंत्राची बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. कारण चित्र बदलणारा प्रत्येक माणूस काही पिंगुळीचा नसतो. आखातातून सुट्टीवर आलेल्या एका पाहुण्यांनी आमच्या लहानपणी पडवीत पांढरं लुगडं बांधून स्लाइड दाखवल्या होत्या. प्रोजेक्टर हातानं चालवायचा. त्यांनी एका उंटापुढं आम्हाला इतका वेळ बसवलं की त्याच्या पापण्या कोणत्या बाजूनं जास्त दाट आहेत हे मी अजून सांगू शकतो. मग त्यांच्या कंपनीची इमारत, इमारतीचा जिना, जिन्यावरचे साहेब, साहेबांचा स्वभाव. आत कोंबडीवड्यांचा घमघमाट सुटलेला. मोठी माणसं आदबीनं “वा, वा” करत होती आणि प्रत्येक ‘वा’ला पाहुणे उंटाकडं परत जात होते. त्या रात्री वाडीतल्या कोणीतरी लाईट जाऊ दे म्हणून रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं असणार. नेहमी हटकून जाणारी लाईट त्या दिवशी काही गेली नाही.

आता हेच पाहुणे सुट्टीला येतात ते मोबाइल घेऊन. फोन आपल्या हातात देत नाहीत. स्वतः धरतात, आपल्याला शेजारी ओढतात आणि एकेक फोटो बोटानं फाकवून मोठा करतात, त्यात मागं लांब उभा असलेला माणूस कोण ते ओळखायला लावतात. आपण चुकून पुढं सरकवलं तर मागं आणतात. परवा ते काकीकडं गेले होते. काकीनं त्यांच्या नातवाचे चार फोटो मन लावून पाहिले, पाचव्याला चष्मा काढला, आणि मग पाहुण्यांना फ्रेमसमोर बसवून मला हळूच विचारलं, “ता पाच सेकंदांचा बटाण खंय आसा रे?”