मधलं नाव गिळणाऱ्या महोदयांस

प्रति,
‘या लेखकाची इतर पुस्तके’ हा रकाना भरणारे महोदय,
पुस्तकांचं एक मोठं ऑनलाइन दुकान,
मुक्काम पोस्ट कुठेही.

सा. न. वि. वि.

सर्वप्रथम अभिनंदन. अरविंद गोखले यांना तुम्ही मरणोत्तर इतकं लिहितं ठेवलंत, हे मराठी साहित्यावर उपकारच आहेत. गाडगीळ, भावे, माडगूळकर आणि गोखले या नवकथेच्या चौघांपैकी हे गोखले १९९२ साली गेले, अशी आमची आपली भाबडी समजूत होती. तुमच्या दुकानात येऊन पाहतो तर गृहस्थ त्यानंतरही जोमात. एकीकडे ‘मंजुळा’, लगेच शेजारी पाकिस्तान, खाली संरक्षण आणि दहशतवाद. परिचयात तुम्ही त्यांना ‘केसरी’चं संपादकपदही देऊन टाकलंत. नवकथेत माणसाच्या मनाचे कोपरे धुंडाळून झाल्यावर माणूस सीमेपलीकडचे कोपरे धुंडाळायला निघतो, यात तुम्हाला काही खटकलं नाही. थोर मन लागतं त्याला.

आता आमची कद्रू माहिती. कथाकार होते ते अरविंद विष्णू गोखले, जन्म १९१९. ‘केसरी’चे संपादक होते आणि पाकिस्तानवर लिहीत आले ते अरविंद व्यंकटेश गोखले. या दुसऱ्या गोखल्यांनी घोटाळा होऊ नये म्हणून नावात स्वतःहून ‘व्यं.’ घालून ठेवला. एक अक्षर, त्यावर एक टिंब, पुढे एक टिंब. एवढंसं ते, पण तुमच्या घशाखाली अलगद उतरलं. कथाकार गोखले शेतकी महाविद्यालयात शिकवायचे हे अजून तुमच्या कानावर गेलेलं दिसत नाही. जाऊ नये म्हणून मी देव पाण्यात घातलेत. नाहीतर उद्या ‘मंजुळा’ खतांच्या आणि फवारण्यांच्या पुस्तकांत बसलेली दिसायची.

शेतीवरून आठवलं. निफाडकडे माझा मावसभाऊ असतो. कांदा करतो, थोडी द्राक्षं. १९८०च्या कांदा-ऊस आंदोलनात त्याचे वडील रस्त्यावर बसले होते, त्यामुळे घरात शरद जोशी हे नाव आदराने घेतलं जातं. त्याने तुमच्याकडे त्यांचं ‘अंगारमळा’ मागवलं. तुम्ही त्याला प्रेमाने सुचवलंत की याच लेखकाचं आणखी एक पुस्तक जोडीने घेतल्यास सवलत मिळेल. शेतकऱ्याला सवलत म्हटल्यावर तो आधी दचकतो, पण यानेही घेतली. आठवड्याने संदेश आला की ‘अंगारमळा’ सध्या उपलब्ध नाही, जोडीचं पुस्तक मात्र रवाना झालं आहे. खोक्यातून निघालं ‘जीप पर सवार इल्लियाँ’.

महोदय, हे शरद जोशी उज्जैनचे. जन्म १९३१, मृत्यू १९९१. हिंदीतले अव्वल व्यंग्यकार. दूरदर्शनवरची ‘ये जो है ज़िंदगी’ ही मालिका त्यांच्या लेखणीची. आणि आमचे शरद अनंतराव जोशी, जन्म १९३५, २०१५ साली गेले, ते शेतकरी संघटनेचे. दोघांची लिपी देवनागरी, दोघांच्या नावात अक्षरं तेवढीच. मग वेगळे ठेवून जागा कशाला अडवायची, हा तुमचा हिशेब मला पटतो. त्यातून त्या व्यंग्याचा विषय काय, तर हरभऱ्यावर पडलेली अळी आणि ती पाहायला जीपमधून निघालेले शेतीखात्याचे साहेब. तेव्हा तुम्ही ते ‘कृषी’ या विभागात घातलंत, हा योगायोग की साहित्यिक जाण, हे मी ठरवू शकलेलो नाही. एक गोष्ट मात्र मनाला लागली. आमच्या शरद जोशींनी उमेदीची वर्षं टपालखात्यात काढली. पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत होते. ती नोकरी सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. अशा माणसाच्या नावावर चुकीचं पार्सल पाठवायला काळीज दगडाचं लागतं.

आता मुद्द्यावर येतो. मराठी माणसाचं नाव तीन पदरी असतं. स्वतःचं, बापाचं (हल्ली काही जण आईचंही घालतात) आणि आडनाव. वसंत, अरविंद, शरद, प्रभाकर अशी नावं एकेका पिढीत घाऊक ठेवली गेली आणि आडनावंही मोजकीच. मधला पदर नसता तर शाळेतली हजेरी झाली नसती आणि सातबारा वाचता आला नसता. तुम्ही तुमच्या यंत्रात लेखकासाठी दोनच चौकोन ठेवलेत, नाव आणि आडनाव. ते कुठल्या देशाच्या मापाने कापून आणलेत ते तुमचं तुम्हाला ठाऊक. गंमत अशी की तुमच्याकडे गिऱ्हाईक म्हणून नाव नोंदवताना ‘मधले नाव’ या चौकोनाला लाल चांदणी आहे. ते भरल्याशिवाय तुम्ही पैसे घेत नाही. म्हणजे पुस्तक घेणाऱ्याला बाप लागतो आणि लिहिणाऱ्याला नाही.

ज्यांच्याकडे मधलं नाव नसतं त्यांचं दुःख काय असतं, ते ऐका. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विन्स्टन चर्चिल नावाचे दोन लेखक होते. त्यातला नावाजलेला होता तो अमेरिकन कादंबरीकार. ‘रिचर्ड कार्व्हल’ या त्याच्या कादंबरीवर लोकांच्या उड्या पडत होत्या. दुसरा इंग्रज, तरुण, लष्करातून नुकताच मोकळा झालेला. त्याचीही ‘साव्रोला’ नावाची कादंबरी तेव्हा छापली जात होती. १८९९ साली या इंग्रजाने त्या अमेरिकनाला पत्र लिहून कळवलं की घोटाळा होतो आहे, तेव्हा मी आपला मध्ये ‘स्पेन्सर’ घालून सही करत जाईन. अमेरिकनाचं उत्तर आलं की मला मधलं नाव असतं तर मीच घातलं असतं, पण ते नाही. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान होऊन १९५३ साली साहित्याचं नोबेल घेतलेला माणूस, इतक्या लहान वयात एवढं समजून वागला. तुम्हाला तर काही सोडायचंही नव्हतं. आहे ते छापायचं होतं.

आमच्याकडे लेखकांनी काळजी घेतली नाही असं नाही. प्रभाकर आत्माराम पाध्ये सौंदर्यशास्त्राचे गाढे अभ्यासक, ‘सौंदर्यानुभव’चे कर्ते. प्रभाकर नारायण पाध्ये ‘वासूनाका’चे. हे दुसरे पाध्ये जन्मभर ‘भाऊ’ या नावाने लिहीत राहिले म्हणून वाचले. दोघांची पाटी एक झाली असती तर ‘वासूनाका’तली पोरं सौंदर्यशास्त्राच्या वर्गात जाऊन बसली असती. वर्गाचं कल्याण झालं असतं, ही गोष्ट वेगळी. पुरुषोत्तम देशपांड्यांचं म्हणाल तर एक पु. ल., एक पु. य. तीन वर्षांच्या अंतराने दोघांनाही साहित्य अकादमी मिळालं, पु. यं.ना १९६२ साली ‘अनामिकाची चिंतनिका’ या तत्त्वचिंतनाला आणि पु. लं.ना १९६५ साली ‘व्यक्ती आणि वल्ली’ला. एका टिंबावर दोघं सुखाने वेगळे नांदत होते. तुम्ही ‘पुरुषोत्तम देशपांडे’ करून ठेवलंत. आता ‘बटाट्याची चाळ’ वाचून पोट धरून हसलेल्याला तुम्ही ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून चिंतनिका पुढे करता. आवडेलही, कुणी सांगावं.

आप्त्यांचा मात्र न्याय निराळा. हरि नारायण ‘पण लक्षांत कोण घेतो’ वाले, जन्म १८६४. नारायण हरि ‘न पटणारी गोष्ट’वाले, तिच्यावर शांतारामबापूंनी १९३७ साली ‘कुंकू’ काढला. हे दोघे बापलेक नव्हेत. तुम्ही एकीकडे हरिभाऊंचं ‘नारायण’ गिळलंत आणि दुसरीकडे नारायणरावांचं ‘हरि’. इतकी समदृष्टी संतांकडेही नसते.

तुमचा खरा पराक्रम मी आद्याक्षरांसाठी राखून ठेवला आहे. तीसुद्धा तुम्ही इंग्रजीतून आणता. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद दामोदर कोसंबी १८९९ साली ज्ञानाच्या शोधात घर सोडून निघाले. सिलोन, ब्रह्मदेश करत पाली शिकले, हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी गेले, मराठीत ‘भगवान बुद्ध’ आणि ‘निवेदन’ हे आत्मचरित्र लिहिलं. १९४७ साली सेवाग्रामला उपवास करून देह ठेवला. त्यांनी मुलाचं नाव आजोबांवरून ठेवलं, जसं घरोघर ठेवतात. तो दामोदर धर्मानंद. गणिती. १९४४ साली आनुवंशिकतेतलं एक सूत्र दिलं, ते आजही त्याच्या आडनावाने ओळखलं जातं. जुनी नाणी तोलून त्यावरून इतिहास काढला, भर्तृहरीची शतकं संपादित केली आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारं पुस्तक लिहिलं. देवनागरीत बाप ध. दा., मुलगा दा. ध. आंधळ्यालाही बोटाने कळावं. तुम्ही दोघांना ‘डी. डी. कोसंबी’ केलंत. झालं काय, की तुमचा हा डी. डी. एका परिच्छेदात त्रिपिटकातली भिक्षूंची शिस्त सांगतो आणि पुढच्यात मार्क्सवादी पद्धत. बापाच्या बुद्धचरित्राखाली कुणा वाचकाने लेखकाला कम्युनिस्ट म्हणून झोडपलंय आणि ते तुमच्याकडे ‘सर्वाधिक उपयुक्त अभिप्राय’ म्हणून वर आहे. मुलाने गणितातले काही लेख ‘एस. डुक्रे’ या टोपणनावाने छापले होते, ते तुमच्या हाती लागले नाहीत हे भाग्य. तुम्ही त्याला फ्रेंच विभागात टाकलं असतं.

व्ही. के. राजवाड्यांचंही तेच. वि. का. इतिहासाचार्य, वै. का. त्यांचे भाऊ, निरुक्ताचे अभ्यासक. मराठीत वेलांटी की मात्रा एवढाच फरक, तुमच्याकडे एकच कपाट.

आणि जिथे एकत्र आणायचं तिथे तुम्ही काय केलंत? ‘एकच प्याला’चे राम गणेश गडकरी, ‘वाग्वैजयंती’चे गोविंदाग्रज आणि विनोदी लेखांचे बाळकराम हे तीन वेगळे लेखक म्हणून लावलेत. गोविंदाग्रजांच्या पानावर तर ‘या लेखकाची इतर पुस्तके उपलब्ध नाहीत’ असं दुःखही व्यक्त केलंय.

तुमचे पूर्वज नव्हते असं मी म्हणणार नाही. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा कवी होऊन गेला. त्याने महाभारत मराठी ओवीत आणलं. त्याचे अभंग दोनशे वर्षांआधीच्या नामदेवांच्या गाथेत कुणीतरी बिनदिक्कत मिसळले. अभ्यासक अजून खडे वेचतायत. उलट दिशेनेही झालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ यांनी ‘सुधारक’मधून ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि अभंगांचा कर्ता वेगळे आहेत असा वाद घातला. पण ती माणसं पोथ्या लावून, भाषा तपासून भांडत होती. गाथेत सरमिसळ करणाऱ्यालाही निदान भक्तीची सबब होती.

शंकर गणेश दाते हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, आणि ऐकलं तर ‘शंकर दाते’ म्हणून. १८०० ते १९३७पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची या एका माणसाने केली, १९४३ साली ती छापून आली, आणि पुढे १९५०पर्यंतचा दुसरा खंडही. संगणक नव्हता, लाल चांदणीचा चौकोन नव्हता. जुन्या वाचनालयातले तालिकापत्रांचे खण उघडून पाहा, अजून काही ठिकाणी आहेत: पितळी सळईत ओवलेली पत्रं, कोपरे बोटांनी काळे झालेले, आणि त्यावर शाईने ‘गोखले, अरविंद विष्णु, १९१९–’. नाव आडनावाआधी नाही, नंतर. पण मधलं नाव जागच्या जागी. ते ज्याने लिहिलं त्याला बहुधा महिन्याचा पगार वेळेवर मिळत नव्हता.

तर मागणी फार नाही. एक तिसरा चौकोन. तो उघडायला जड जात असेल तर निदान जन्मसाल घाला. गेलेल्या माणसांना पुस्तकं लिहायला लावणं तेवढ्याने थांबेल. आणि निफाडच्या ऑर्डरचं बघा. तुमच्या माणसाने पुस्तक परत न्यायला येतो म्हणून फोन केला होता, पण मावसभावाने नकार दिलाय. साहेबांच्या जीपवर जे लिहिलंय ते त्याला फार पटलं म्हणे, गावात फिरवतोय. तेव्हा त्याचे पैसे राहू द्या, ‘अंगारमळा’ तेवढं पाठवा. पत्त्यावर त्याच्या वडिलांचं नाव नीट घाला. त्या गल्लीत त्याच नावाचे तिघे आहेत.

कळावे, लोभ असावा,
तुमचं एक जुनं गिऱ्हाईक
(मधलं नाव तुमच्याकडे आहेच)