दाराला कुलूप, खिडकी सताड

रविवारी सकाळी तीर्थरूपांनी चष्मा पुसला, विंडोजमधलं नेटवर्क सेटिंग उघडलं, डीएनएसच्या रकान्यात १.१.१.३ भरलं आणि घरात संस्कारांची प्रतिष्ठापना झाली. हा क्लाउडफ्लेअरचा २०२० सालचा कुटुंबवत्सल पत्ता. घातक किंवा अश्लील साइटचं नाव विचारलं की ०.०.०.० सांगून हात झटकतो.

तरी नको ती साइट ठणठणीत उघडलीच. मग कॅश रिकामी करा, राउटर बंद करून चालू करा, हे सोपस्कार. फरक शून्य. कारण भरला होता फक्त आयपीव्ही४चा रकाना. आयपीव्ही६चा तसाच होता आणि संगणक तिकडून इंटरनेट कंपनीच्या डीएनएसला विचारून मोकळा. तेही बुजवलं, तर ब्राउझरमध्ये 'सुरक्षित डीएनएस' चालू निघालं. ते विंडोजला बाजूला सारून, एचटीटीपीएसच्या पडद्याआडून, भलत्याच सर्व्हरकडे परस्पर चौकशी करत होतं. म्हणजे सुरक्षेसाठी आधी सुरक्षा बंद करायची! (सरकारी परिपत्रकात शोभलं असतं.)

अखेर 'साइट उघडता येत नाही' अशी पाटी झळकली. चिरंजीव शेजारीच पलंगावर लोळत होते, मोबाइल डेटावर. संगणकाचा अ‍ॅडमिन पासवर्डही त्यांच्याकडे. घरात त्यांनाच कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणून मागच्या दिवाळीत बाबांनीच सोपवलेला.