कारैकलचा सौदा

जबलपूरच्या सराफ्यातल्या मराठी मंडळींना थोरल्या रघूजी भोसल्यांचा अभिमान आहे, आणि तो असावाच. 1798 ते 1817 हे शहर त्यांच्याच नागपूरकर घराण्याकडे होते. रघूजींनी 1740 मध्ये कर्नाटकात उतरून अर्काटचा नवाब दोस्त अली याला लढाईत मारले, पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली घेऊन दोस्त अलीचा जावई चंदासाहेब याला कैद केले. त्याच्या बायकामुलांना फ्रेंचांनी पुद्दुचेरीत आसरा दिला होता. रघूजींनी ती माणसे मागितली, वर खंडणीही मागितली. गव्हर्नर द्युमाने साफ नकार दिला.

हा प्रसंग आपण रंगवून सांगतो. त्याच्या जेमतेम दोन वर्षे आधीचा प्रसंग मात्र भाषणांत कधी येत नाही. तंजावरच्या मराठी गादीवरून तेव्हा भाऊबंदकी पेटली होती. गादी गमावलेल्या सयाजी राजाला ती परत मिळवायला मदत हवी होती. त्याने द्युमाशी तंजावर राज्यातल्या कारैकलचा सौदा केला, किंमत 40 हजार चक्रम नाणी. गादी मिळताच सयाजी फिरला. मग याच चंदासाहेबाने फेब्रुवारी 1739 मध्ये कारैकल जिंकून फ्रेंचांच्या हवाली केले. पुढे प्रतापसिंह गादीवर आला. त्याने सौदा मोडला नाही, उलट फ्रेंचांकडे लाखभर चक्रमांचे कर्ज मागितले आणि आणखी आठ गावे दिली. 1750 पर्यंत कारैकलभोवतीची 81 गावे गेली.

भाऊ वाटणीवरून भांडतात आणि आईच्या पाटल्या काट्यावर येतात, हे सराफ्याला नवे नाही. कस लागतो, वजन होते, पावती फाटते. पाटल्यांना कुणी विचारत नाही. त्या 81 गावांतल्या कुळांनाही कुणी विचारले नव्हते. फ्रेंच लोभी होतेच, पण कारैकलच्या कागदावर मराठी राजाची मोहोर आहे. त्यापायी दोनशे वर्षे त्या गावांनी परका अंमल सोसला. 18 ऑक्टोबर 1954 ला किळूरला पुद्दुचेरी-कारैकलच्या 178 प्रतिनिधींनी मतदान केले, 170 जणांनी भारताच्या बाजूने. 1 नोव्हेंबरला कारभार हाती आला, आणि कायद्याने हस्तांतर व्हायला 16 ऑगस्ट 1962 उजाडला.

मराठी मंडळांच्या पुढच्या व्याख्यानमालेत एक संध्याकाळ कारैकलला द्या. तंजावरच्या मराठी घराण्यांतले कुणी आले तर त्यांनाच बोलू द्या. आणि त्या दिवशी सयाजी आणि प्रतापसिंह ही दोन्ही नावे मोठ्याने घ्या.