झाशी ‘व’ खाली

झाशी कुठे सापडेल? ‘झ’ खाली, असं कुणीही सांगेल. पण २०२१ च्या डिसेंबरात झाशी स्थानकाचं नाव ‘वीरांगना लक्ष्मीबाई’ झालं आणि स्थानकांच्या अकारविल्हे यादीत ते गुपचूप ‘व’ मध्ये जाऊन बसलं. प्रवासी अजूनही झाशीच म्हणतात. यादीला त्याचं काय? ती पहिलं अक्षर बघते आणि जागा देते.

संगणकही त्याच कुळातला. झाशीहून परतल्यावर घरातल्या सगळ्या फोनांमधले फोटो एकत्र केले. भाच्याने हौसेने जागेगणिक फोल्डर केले, नावांत तारखा घातल्या: ‘झाशी/किल्ला/०१-०२-२०२४_१०’, ‘झाशी/राणीमहाल/३१-०१-२०२४_२’. मग सगळ्यांची एकच यादी काढून नावाने लावली. लागली, पण कशी! संगणक डावीकडून एकेक अक्षर वाचत येतो. त्यामुळे राजा बीरसिंहदेवाचा १६१३ सालचा किल्ला, जो आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला, तो पहिला. आदल्या दिवशीचा राणीमहाल त्याच्या मागे. बरं, फोल्डर सोडून नुसती तारीख धरावी, तर एक फेब्रुवारी एकतीस जानेवारीच्या आधी. म्हणजे परतीच्या गाडीत दशम्या खाऊन झाल्यावर आम्ही झाशीला पोचलो! शिवाय पहिल्या फोटोला खेटून दहावा, आणि दुसरा बिचारा त्याच्याही मागे.

यावर तोड सोपी आहे. प्रत्येक ओळीतली तारीख उचलायची, वर्ष-महिना-दिवस अशी उलटवून ओळीच्या पुढे चिकटवायची, यादी लावायची आणि काम झालं की चिकटवलेला तुकडा काढून टाकायचा. फोटोच्या क्रमांकालाही पुढे शून्य द्यायचं. संगणक बिनतक्रार ऐकतो. मात्र नावातला कोणता तुकडा पुढे आणायचा, हे त्याला आपण सांगावं लागतं.

आणि इथेच खरी गंमत आहे, कारण झाशीचा इतिहासही या बाबतीत सरळ नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ मध्ये इंग्रजांच्या वेढ्यात झाशीत होते. त्या आठवणींचं त्यांचं पुस्तक ‘माझा प्रवास’ छापून आलं १९०७ साली. छपाईच्या तारखेने लावलं, तर झाशीचा वेढा विसाव्या शतकात पडतो. राणी लक्ष्मीबाईंचे पती, झाशीचे राजे गंगाधरराव यांचा मुलगा दामोदरराव तान्हेपणीच गेला. १८५३ च्या नोव्हेंबरात दत्तक घेतलेल्या आनंदरावाचं नावही दामोदररावच ठेवलं. एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली संगणक ठेवू देत नाही, वंशावळीत मात्र बिनदिक्कत चालतात. गव्हर्नर जनरल डलहौसीने तर दुसरी फाईल मान्यच केली नाही आणि १८५४ मध्ये अख्खं संस्थान खालसा केलं.

तेव्हा माझं ऐका. फायलीला नाव देताना आधी वर्ष लिहा, मग महिना, मग दिवस. एकेरी आकड्याआधी शून्य टाका. जागेचं, माणसांचं कौतुक त्यानंतर. १९८८ पासून तारखांचं आंतरराष्ट्रीय मानकही हाच क्रम सांगतं. एवढं केलंत, तर यादी आपोआप लागते आणि भाच्याची मनधरणी करावी लागत नाही.